हातोडा उचलण्याआधी: जुन्या फ्लॅटचं काम कमी खर्चात आणि कमी राडारोड्यात

१०० चौरस फूट फरशी उखडली की साधारण एक टन राडारोडा निघतो. फरशी स्वतः ८-१० मिलिमीटरचीच असते. वजन असतं ते तिच्याखालच्या दीड-दोन इंच सिमेंट-वाळूच्या मालाच्या थराचं, आणि तो थर फरशीबरोबर सुटून येतोच. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत ४० किलोच्या बेताने भरलं तर ही २५ पोती झाली. बिगाऱ्याने ती जिन्यातून उतरवायची, टेम्पोत चढवायची, टेम्पोने कुठेतरी रिकामी करायची, आणि मग जवळजवळ तेवढंच वजन वाळू, सिमेंट आणि नव्या टाइल्सच्या रूपाने त्याच जिन्याने वर चढवायचं. २५-३० वर्षांच्या फ्लॅटचं काम काढलं की अंदाजपत्रक फुगतं ते इथे. तोडण्याची मजुरी वेगळी, उतरवण्याची वेगळी, टेम्पो वेगळा. म्हणून खर्च वाचवायचा असेल तर स्वस्त टाइल्स शोधत फिरण्याआधी काय तोडायचं नाही ते ठरवा.

आधी खडूच्या खुणा, मग ठेका

ठेकेदाराला बोलावण्याआधी एक रविवार काढा. हातात खडू, जाड नाणं आणि टेप. प्रत्येक वस्तूवर खूण करा: राहणार असेल तर गोल, काढून पुन्हा वापरायची असेल तर बाण, पाडायची असेल तर फुली. प्लास्टर आणि टाइल्सवर नाणं वाजवत चला. भरीव आवाज आला तर पकड चांगली आहे. डबडब वाजलं तर आतून सुटलंय. खोलीतल्या दहातल्या एखाद-दुसऱ्याच टाइल्स पोकळ वाजत असतील तर तेवढ्याच काढून पुन्हा बसवता येतात. निम्म्या वाजत असतील तर मात्र त्या जमिनीला वाचवण्यात अर्थ नाही.

बीम, कॉलम आणि स्लॅबवर कसलीही खूण करायची नाही. त्यांना हात लावायचाच नाही, पाइप किंवा वायरच्या खाचेसाठीसुद्धा नाही. एखादी भिंत पाडायची असली तर आधी सोसायटीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ‘ही तर चार इंची आहे, पाडली तरी चालते’ असं गवंडी सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं, पण खात्री करणं त्याचं काम नाही. पैशांचाही हिशेब बघा. १० फूट बाय १० फुटांची चार इंची विटांची भिंत दोन्हीकडच्या प्लास्टरसह अडीच टनांच्या आसपास भरते. नवी भिंत उभी करायची असेल तर वजनाला हलके सिपोरेक्स ब्लॉक घ्या. तेवढ्याच भिंतीचं वजन विटांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होतं, आणि वर वाहून न्यायलाही सोपं.

ठेका ठरवताना एक वाक्य कागदावर आणा: भंगार कोणाचं? तोडकामाचा दर स्वस्त सांगणारा ठेकेदार बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, पितळी नळ, तांब्याची वायर आणि लोखंडी ग्रिल आपलीच धरून चालतो. त्यात गैर काही नाही, पण ते तोंडी राहिलं की भांडण होतं. जास्त पदरात पडतं ते भंगारवाल्याला आधी बोलावून, धातूचं सामान वेगवेगळं करून, तुमच्या समोर वजन केल्यावर. पितळ लोखंडाच्या ढिगात गेलं तर लोखंडाच्याच भावाने जातं.

फरशी: घासा, वर बसवा किंवा उखडा, याच क्रमाने विचार करा

१९६० ते ९० च्या दरम्यान बांधलेल्या बऱ्याच इमारतींत मोझॅक फरशी आहे, आणि ती कळकट दिसते म्हणून उखडली जाते. खरं तर तिच्या वरचा चिप्सचा थर पाच-सहा मिलिमीटरचा असतो. ती घासून पुन्हा नव्यासारखी करता येते. काम असं चालतं: खोली पूर्ण रिकामी करायची, भेगा आणि उडालेले कोपरे त्याच रंगाच्या सिमेंटने भरायचे. पांढरं सिमेंट घेऊन त्यात रंगाची पूड थोडी थोडी मिसळा, आधी एका कोपऱ्यात लावून वाळू द्या, कारण ओला रंग नेहमी गडद दिसतो. तीन-चार दिवस पाणी मारून हे भरण पक्कं होऊ द्या. मग मशिनने पहिला कट ६० ते ८० नंबरच्या दगडाने, दुसरा १२० ने, तिसरा ३२० ने. पहिल्या कटानंतर बारीक छिद्रं उघडी पडतात, ती पुन्हा सिमेंटच्या पातळ लापशीने भरायची. ही पायरी कारागीर हमखास गाळतात, आणि वर्षभरात त्या छिद्रांत काळा मळ बसतो. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून पॉलिश. भिंतीलगतची कड मोठ्या मशिनच्या आवाक्यात येत नाही, तिथे हातमशिन लागतं. दर ठरवताना कड धरली आहे का ते विचारून घ्या.

या कामातली खरी डोकेदुखी म्हणजे घासताना निघणारं राखाडी, ताकासारखं पाणी. ते मोरीत सोडलं की पाइपच्या वळणात सिमेंटची लादी जमते, आणि मग खालच्या मजल्यावरच्यांची कटकट. काम सुरू होण्याआधी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीतलं पाणी जिथून पाइपात जातं त्या तोंडात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट ठोका. पाणी रबरी वायपरने एका कोपऱ्यात ओढा, सुपलीने बादलीत आणि बादलीतून ड्रममध्ये. रात्रभरात गाळ खाली बसतो. वरचं पाणी दुसऱ्या दिवशी घासकामालाच वापरा. तळाचा गाळ पोत्यात भरून निथळू द्या. वाळला की तो राडारोड्याबरोबर जातो. मशिन ओल्यात चालतं, म्हणून ज्या पॉइंटवर ते लावाल तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागण्याआधी वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

शहाबादी आणि कोटा यांचंही असंच. घासून पॉलिश होतात, आणि उखडून पालथ्या घातलेल्या शहाबादी लाद्या बाल्कनीत किंवा गच्चीवरच्या पायवाटेला आणखी वीस वर्षं चालतात.

जमीन चकचकीत टाइल्सची असेल आणि ठाकठीक वाजत असेल, तर त्यावरच नवी टाइल बसवा. ३ मिलिमीटर जाडीला ॲडेसिव्हची २० किलोची पिशवी ४५ ते ५० चौरस फूट जाते, म्हणजे १०० चौरस फुटांना दोन-सव्वादोन पिशव्या. पिशवीवर टाइलवर टाइल बसवायला चालतं असं स्पष्ट छापलेलं हवं. पॉलिमर मिसळलेल्या, वरच्या दर्जाच्या ॲडेसिव्हवरच ते असतं. क्रम असा:

१. जुनी टाइल धुण्याच्या सोड्याने आणि साबणाने धुवा. स्वयंपाकघरात तेलकटपणा दोनदा धुतल्याशिवाय जात नाही.
२. ग्राइंडरने चकाकी खरवडा. सगळी काढायची गरज नाही, आडव्या-उभ्या चरा पुरेत.
३. ॲडेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेने ओढा. दोन फुटी टाइल असेल तर तिच्या पाठीलाही पातळ हात द्या.
४. टाइलमध्ये २ मिलिमीटरचे स्पेसर, आणि भिंतीलगत ५-६ मिलिमीटरची फट. ती पुढे स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही फट न ठेवता टाइल भिंतीला भिडवली, तर उन्हाळ्यात जमीन मधूनच तंबूसारखी उचलते.

इथे चुकतं ते हमखास दोन ठिकाणी. एक, गवंडी सवयीने सिमेंटचा घोळ ओततो. गुळगुळीत टाइलला सिमेंट धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत टाइल्स डबडबायला लागतात. दुसरं, टाइलच्या पाठीला पाच ठिपके देऊन ती दाबतात. मधली जागा पोकळ राहते, आणि नेमका तिथे पाटा किंवा मुसळ पडलं की तडा. चौथी-पाचवी टाइल बसवल्या बसवल्या उचलून पाहायला सांगा. पाठ सगळीकडे माखलेली दिसली पाहिजे.

जमीन साधारण १२ मिलिमीटर वर येते. दारं खालून रंधून घ्यावी लागतात, आणि बाथरूमची जमीन खोलीपेक्षा निदान तेवढीच खाली राहील हे बघावं लागतं. ही युक्ती एकदाच करायची. टाइलवर टाइल आधीच बसलेली असेल तर तिसरा थर चढवू नका, उखडा.

बाथरूम: गळती कुठून, ते कळल्याशिवाय घण मारू नका

खालच्या घराच्या छताला ओल दिसली की सगळं बाथरूम फोडायचं, असा रिवाज पडलाय. ४ बाय ७ फुटांच्या बाथरूमच्या भिंतींच्या टाइल्स सात फुटांपर्यंत आणि जमिनीची टाइल, एवढं काढलं तरी पाऊण ते एक टन. खालचा सनक (बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधला भराव) उपसला तर आणखी एक टन. म्हणजे छोट्या हत्तीच्या दोन-तीन फेऱ्या. बऱ्याचदा गळती असते ती नहाणी ट्रॅपच्या भोवतालच्या सांध्यात किंवा टाइल्सच्या झिजलेल्या दरजांत.

तपासणी तीन दिवसांची आहे आणि जवळजवळ फुकट. पहिल्या दिवशी बाथरूम अजिबात वापरू नका, पण नळाची लाइन चालू ठेवा. खाली ठिबक सुरूच राहिलं तर पाणी येणाऱ्या पाइपात दोष आहे. थांबलं, तर दुसऱ्या दिवशी ट्रॅपमध्ये नळी धरून १५-२० बादल्या सरळ आत सोडा, जमीन ओली होऊ देऊ नका. आता ओल वाढली तर सांडपाण्याची लाइन. तीही ठीक असेल, तर तिसऱ्या दिवशी ट्रॅप बोळ्याने बंद करून जमिनीवर दीड-दोन इंच पाणी २४ तास उभं करा आणि त्यात थोडी नीळ घाला. खाली निळसर डाग आला की दोष जमिनीतच. आणि त्यातही तो फक्त दरजांचा असेल तर जुना ग्राउट (दरजांतलं भरण) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून काम भागतं. एका दिवसाचं काम, एक पोतंसुद्धा कचरा नाही.

सनक खरोखरच उपसावा लागला, तर पाडलेल्या भिंतीच्या विटा तिथे कामाला येतात. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा भराव, विटांच्या तुकड्यांचाच असतो. पण कोणतेही तुकडे चालत नाहीत. एकमेकांवर आपटून खणखणीत वाजणारेच घ्या, प्लास्टर छिन्नीने उडवा, आणि रात्रभर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, माल भुसभुशीत होतो आणि कोबा आतूनच फुटतो. वॉटरप्रूफिंगचा खर्च पाण्यात जायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. स्लॅब साफ करून पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा, कडेने भिंतीवर निदान फूटभर चढवलेला. मग ४८ तास पाणी भरून चाचणी. ती पास झाल्यावरच तुकडे एकेक इंचाच्या आत फट ठेवून १:५ (एक भाग सिमेंट, पाच भाग वाळू) मालात रचायचे, फटी भरायच्या, वर १:४ चा थर, उतार ट्रॅपकडे दर १०० इंचांना एक इंच. सात दिवस पाणी उभं ठेवायचं. प्लंबर आणि टाइलवाला दोघेही घाई करतील; करू द्या.

भिंतीच्या फुटक्या चकचकीत टाइल्सचे, विशेषतः पांढऱ्यांचे, तुकडे वेगळे ठेवा. सोसायटीची गच्ची चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) करायची असेल तर हाच माल लागतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, आणि वरच्या मजल्यावरच्यांना मे महिन्यात फरक कळतो.

ओटा, कडाप्पा आणि दारं

जुन्या ओट्याचा ग्रॅनाइट घणाने फोडून काढणं हा शुद्ध आळस आहे. भिंतीलगतचा सांधा ग्राइंडरने कापा, खालून लाकडी ठोकळा आणि पहारीने भिंतीकडच्या बाजूने हळूहळू उचला. सिंकसाठी कापलेल्या भोकाचे कोपरे सगळ्यात नाजूक; तिथे आधी खालून टेकू द्या. सुटलेली पाटी दोघांनी उभी धरून न्यायची. आडवी नेली तर स्वतःच्याच वजनाने मधून मोडते. दोन फूट रुंदीच्या पाटीतून खिडकीच्या दोन-तीन पट्ट्या, बाथरूममधला साबणाचा कप्पा, दाराचा उंबरठा सहज निघतो.

ओट्याखालच्या कडाप्प्याच्या फळ्यांना मोड्युलर किचनवाला पहिल्याच भेटीत नाकं मुरडतो. पण सिंकखाली कडाप्पाच बरा. तो फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि गळका ट्रॅप दोन दिवस लक्षात आला नाही तरी बिघडत नाही. कडाप्पा तसाच ठेवून समोर फक्त फ्रेम आणि शटर बसवली, तर प्लायवूडचा निम्म्याहून जास्त खर्च वाचतो. प्लायचा जुना सांगाडा असेल तर तळाच्या चार इंचांत स्क्रूड्रायव्हर टोचून पहा. टोक आत रुतलं नाही तर सांगाडा ठेवा, फक्त दारं आणि बिजागऱ्या बदला. नवा प्लाय घ्यायचाच झाला तर ८ बाय ४ फुटांच्या शीटवर सगळे तुकडे कागदावर आधी मांडा; सुतार अंदाजाने सांगतो त्यापेक्षा एखादं शीट कमी लागतं.

सागवानी चौकट आणि दारं असतील तर ती कधीही काढून देऊ नका. बाथरूमच्या चौकटीचे तळाचे सहा-आठ इंच कुजलेले असतात, तेवढेच कापून तिथे ग्रॅनाइटचा तुकडा बसवा. वाळवीची पारख आवाजाने आणि चौकटीलगतच्या मातीच्या रेघांनी होते. जुनी दारं घ्यायची किंवा विकायची असतील तर मुंबईत ओशिवऱ्याचं जुन्या फर्निचरचं मार्केट आहे, पुण्यात जुना बाजार; मापाची टेप बरोबर न्या, कारण जुन्या दारांची मापं आजच्यांशी जुळतातच असं नाही.

भिंती, ओल आणि रंग

लोणा धरलेल्या (ओलीने पांढरा क्षार फुटलेल्या) भिंतीवर पुट्टी मारली की एक पावसाळाही टिकत नाही. पाणी बाहेरून येतंय की शेजारच्या बाथरूममधून, ते आधी बंद करा. मग डागाच्या कडेपासून फूटभर जास्त प्लास्टर काढा, विटा ब्रशने कोरड्याच घासा आणि वाळू द्या. वाळल्याची परीक्षा: फूट बाय फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. २४ तासांनी आतून दव दिसलं तर अजून थांबा. १२ मिलिमीटर जाडीच्या १:४ प्लास्टरला १०० चौरस फुटांमागे एक पोत्याहून किंचित जास्त सिमेंट आणि साधारण साडेपाच घनफूट प्लास्टरची क्रश सँड लागते. जुन्या-नव्या प्लास्टरच्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोका, नाहीतर बरोबर त्याच रेषेत केसासारखी चीर येते. सात दिवस पाणी, आणि रंगाआधी महिनाभर उसंत. म्हणूनच हे काम दिवाळीच्या तोंडावर काढू नये. पाऊस सरल्यावर सुरू करून जानेवारी-फेब्रुवारीत रंग लावणं चांगलं.

रंगाचा अंदाज: कार्पेट क्षेत्रफळाला तीनने ते साडेतीनने गुणा, म्हणजे भिंती आणि छत मिळून क्षेत्रफळ येतं. ५०० चौरस फुटांच्या घराला सुमारे १६०० चौरस फूट. इमल्शनचा लिटर दोन हातांना साधारण ६० चौरस फूट जातो, म्हणजे २५-२७ लिटर. रंगारी ‘३५ घेऊन या’ म्हणाला तर का, ते विचारा. भिंत चांगली असेल तर सगळीकडे नवी पुट्टी नको. धुऊन, खड्डे भरून, एक प्रायमर पुरे.

दारं, ग्रिल आणि खिडक्यांचा जुना ऑइलपेंट मात्र जपून. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं असंच धरून चाला. कोरडा सँडपेपर नाही, ग्राइंडर नाही, ब्लोलॅम्पने जाळणं तर मुळीच नाही. पाणी मारत वॉटरपेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, खपल्या ओल्या असतानाच गोळा करून वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. तेवढे दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. थर घट्ट असेल तर तो काढण्यापेक्षा त्यावर नवा रंग लावणं हेच सुरक्षित आणि स्वस्त.

वायर आणि पाइप

इथे वाचवायचं नाही. जुनी वायर, जुने एमसीबी, गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, यांतलं काहीही पुन्हा वापरू नका. दिव्यांना १.५, प्लगला २.५, गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. खाचा मारून भिंत विद्रूप करण्यापेक्षा जिथे कपाट किंवा दार झाकणार आहे तिथे केसिंग-पट्टीतून वायर न्या. निघालेली वायर जाळून तांबं काढू देऊ नका. भंगारवाला ती आवरणासकट घेतो. प्लास्टर बंद होण्याआधी पाइपांना प्लग लावून २४ तास दाबाखाली ठेवा आणि प्रत्येक भिंतीचा टेप लावलेला फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना त्या फोटोची किंमत कळते.

नळाखाली १० लिटरची बादली लावून घड्याळ बघा. ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर जातात. नळ बदलू नका, तोंडाला एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावा. तेच पाणी निम्म्यावर येतं. जुनी फ्लशची टाकी चांगली असेल तर तिच्यात पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवा, दर फ्लशला एक लिटर वाचतं. वीट ठेवायची नाही. ती झिजते आणि तिची माती वॉशरमध्ये अडकते.

राडारोडा: साठवणं, वेगळा करणं, पोहोचवणं

पाडलेलं सगळं एका खोलीत ढीग करून ठेवायचं आणि आठवड्याने टेम्पो बोलवायचा, ही सवय धोक्याची आहे. राहत्या घराचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार चौरस मीटरला २०० किलो भार धरून काढलेला असतो. राडारोड्याचा फूटभर उंच ढीग चौरस मीटरला ४०० किलो भरतो. सिमेंटची दहा पोती एकावर एक रचली तर दीड-दोन फुटांच्या जागेत अर्धा टन. म्हणून पोती भिंतीलगत, बीमच्या वर, एका थरात पसरून ठेवा आणि रोज संध्याकाळी उतरवा. पोतं गळ्यापर्यंत भरू नका. दोन तृतीयांश भरलं की ४० किलोच्या आसपास होतं, बिगाऱ्याची पाठ वाचते आणि पोतंही फाटत नाही. लिफ्टने न्यायचं ठरलं तर तळाला जुना प्लाय अंथरा आणि एका फेरीत किती पोती, ते लिफ्टवर लिहिलेल्या भारावरून काढा.

पाडतानाच वेगळं करायचं. नंतर ढिगातून निवडणं कोणी करत नाही. विटा, काँक्रीट, टाइल्स, प्लास्टर हे एकत्र चालतं. पीओपी आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग पूर्ण वेगळं, कारण जिप्सममधल्या सल्फेटमुळे त्यातून बनलेली खडी काँक्रीटला बाधते. लाकूड वेगळं, धातू वेगळे, प्लास्टिक आणि पुठ्ठा वेगळा. स्वच्छ निघालेला राडारोडा दळून त्याची खडी आणि वाळू होते. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने अशी खडी काँक्रीटमध्ये ठरावीक प्रमाणात वापरायला मान्यता दिली आहे, आणि पेव्हर ब्लॉकला ती सर्रास चालते. पुणे महापालिकेचा असा प्रकल्प वाघोलीला आहे. मुंबईचे दोन, दहिसर आणि शिळफाट्याजवळ.

राडारोडा घंटागाडीत टाकायचा नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तो घरगुती कचऱ्यापासून वेगळा काढला, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांतही तो वेगळाच आहे. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. काम सुरू करण्याच्या आठवडाभर आधी नोंदणी करा. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. अंदाज सांगताना ब्रासमध्ये सांगा: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुटा राडारोडा असेल तर साडेतीन ते चार टन. छोटा हत्ती पाऊण टनाचा. खाजगी टेम्पो लावलात तर पैसे चुकते करण्याआधी वजनकाट्याची किंवा प्रकल्पाची पावती मागा. रात्री भरून पहाटे परत येणारा स्वस्त टेम्पो बहुतेकदा नदीपात्रात, खारफुटीत नाहीतर डोंगराच्या कडेला रिकामा झालेला असतो.

उरलंसुरलं, पण जपून टाकायचं

बाल्कनीवर किंवा चाळीच्या मागच्या बाजूला जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत ॲसबेस्टॉस असतो. अखंड असतील तर तसेच राहू द्या, वरून रंग मारा. फुटकेच असतील आणि काढावेच लागले, तर पाण्याने भिजवून, बोल्ट सोडून, आणखी न फोडता उतरवायचे. करवत किंवा ग्राइंडर नाही, फोडून पोत्यात भरणं नाही. ते राडारोड्याच्या टेम्पोत चालत नाहीत. घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत आणि तिथवरची व्यवस्था महापालिकेला विचारून करायची.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या पुठ्ठ्यात गुंडाळून अखंडच द्या. जुना गिझर, पंखे, बटणं हा ई-कचरा. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक जुनं सामान आणि ई-कचराही गोळा करतात. चालू स्थितीतला कमोड आणि वॉशबेसिन बदलताना फोडून टाकू नका, इमारतीच्या वॉचमनला किंवा गवंड्यालाच विचारा. गावाकडे कुणाला तरी हवा असतो.

उरलेलं इमल्शन मोरीत ओतायचं नाही. लिटरभर असेल तर झाकण घट्ट लावून डबा उलटा ठेवा, कडेने हवा शिरत नाही आणि वर्षभराने डाग झाकायला उपयोगी पडतं. थोडंच असेल तर त्यात लाकडाचा भुसा किंवा वाळू कालवून उन्हात सुकवा, मग गोळा कोरड्या कचऱ्यात आणि डबा भंगारात. थिनर घट्ट बूच लावून रंगाऱ्यालाच पुढच्या कामाला द्या. आणि नव्या टाइल्सचा एक खोका, लॉट नंबरच्या चिठ्ठीसकट, माळ्यावर ठेवून द्या. पाच वर्षांनी प्लंबरने एक टाइल फोडली तर तोच रंग आणि तेच माप बाजारात मिळत नाही, आणि एका टाइलपायी सगळी जमीन उखडायची पाळी येते.